अडवणारी

सगळ्यांचे डोळे बॉलवर होते आणि ती एकटी बॉलकडे बघत नव्हती. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पांढुर्णा आता स्वतंत्र जिल्हा झाला, म्हणून मुलींच्या बास्केटबॉलचा आपला स्वतःचा संघ निवडायचा होता, आणि सारं आयुष्य शाळेत खेळ शिकवण्यात गेल्यामुळे निवड करणाऱ्या तिघांत माझंही नाव होतं. सकाळचं कोवळं ऊन सिमेंटच्या मैदानावर तिरपं पसरलं होतं. कडेला बसलेल्या मुली संत्री सोलत होत्या. त्या सालींचा डोळ्यांना झोंबणारा ताजा वास नव्या रबरी बॉलच्या वासात मिसळून माझ्या खुर्चीपर्यंत येत होता. आणि समोर सौंसरकडच्या एका शाळेची काटकुळी मुलगी गुडघ्यांत वाकून, दोन्ही हात पसरून, पाय घासत सरकत होती. तिची नजर समोरच्या मुलीच्या कमरेवर रोवलेली होती. समोरची मुलगी त्या दिवशीची सर्वांत चांगली खेळाडू. पण हिच्यासमोर आली की तिचा खेळ आटून जायचा. सामना संपला तेव्हा माझ्या मांडीवरच्या कागदावर त्या काटकुळीच्या नावापुढे शून्य लिहिलेलं होतं.

मी म्हणाले, ही मुलगी संघात हवीच. म्हणताना मी वाद घालायच्या तयारीत होते. काय काय बोलायचं ते मनात जुळवून बसले होते. पण बाकी दोघांनी सहज मान हलवली. एक जण म्हणाले की त्यांनी तर तिचं नाव आधीच लिहून ठेवलंय. झालं. पुढचं नाव निघालं. मी तशीच कागद धरून बसून राहिले. इतकं सोपं असतं ते? एक साधं, खरं वाक्य बोलायचं आणि एका मुलीसाठी दार उघडायचं, एवढंच? काहीतरी निमित्त सांगून मी उठले आणि मैदानामागच्या नळावर जाऊन कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. कारण अठ्ठावीस वर्षांपूर्वी असंच एक वाक्य बोलायची वेळ माझ्यावर आली होती, आणि मी दुसरंच वाक्य बोलले होते.

ज्या मुलीबद्दल ते बोलले तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते समोरच्या संघात. मी दहावीत होते. पांढुर्ण्याच्या आमच्या शाळेचं मैदान तेव्हा मातीचं होतं. सामन्याच्या दिवशी चुन्यानं रेषा आखायच्या, आणि पहिल्या दहा मिनिटांत त्या आमच्याच पायांनी पुसून जायच्या. फळ्या लाकडी, कडीला जाळी नाही. बॉल आत गेला की नाही यावरून भांडणं व्हायची. इटारसीकडे जाणारी गाडी निघाली की तिच्या खडखडाटात शिट्टी ऐकू यायची नाही आणि आम्ही उगाच खेळत राहायचो. त्या गावात मला ओळख होती. बाबांची संत्र्याची बाग होती म्हणून थोडी होती, पण खरी ओळख खेळामुळे. कापूस बाजारातली माणसं घरी जाता जाता सायकल टेकवून उभी राहायची आणि बॉल माझ्या हातात आला की आपापसांतलं बोलणं थांबवायची. त्या थांबलेल्या बोलण्याची मला चटक लागली होती, हे मी आज कबूल करते. बॉल हातातून सुटतो, वर जातो, आणि तो खाली येईपर्यंत सगळं मैदान श्वास रोखून धरतं. सोळाव्या वर्षी हे ज्याच्या वाट्याला येतं त्याला जगात दुसरं काही मोलाचं आहे असं वाटतच नाही.

त्या दिवशी सौंसरच्या शाळेनं एक सावळी, ठेंगणी, रुंद खांद्यांची मुलगी माझ्यावर सोडली. पूर्ण सामन्यात माझे चार पॉइंट झाले. एरवी मी वीस-बावीस सहज करायची. ती धक्का देत नव्हती, ओढत नव्हती, तोंडानं काही बोलतही नव्हती. फक्त मी जिथे जायचं ठरवायची तिथे माझ्या आधी पोहोचलेली असायची. आम्ही जिंकलो, कारण त्यांच्याकडे बास्केट करणारं कुणी नव्हतं. पण मी हापशाजवळ जाऊन रडले. ती पाणी प्यायला तिथेच आली. मला रडताना पाहून जराशी थबकली, मग ओंजळ भरता भरता म्हणाली, "तू डाव्या हातानं टाकतच नाही. म्हून सोपं गेलं मले."

मला तिचा फार राग आला. पण दुसऱ्या दिवसापासून मी घराच्या मागच्या भिंतीवर डाव्या हातानं बॉल मारायला लागले. आणि पुढे लोकांनी माझ्या ज्या डाव्या हाताचं कौतुक केलं, तो हात तिनं दिलेला होता. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

अकरावीला ती आमच्याच शाळेत आली. वडील सौंसरच्या तहसील कचेरीत शिपाई, आई कापूस वेचायला जायची, आणि पांढुर्ण्याला स्टेशनच्या बाजूला मावशी राहायची, तिच्याकडे ही राहू लागली. अशी आम्ही दोन वर्षं एका संघात खेळलो. रोज संध्याकाळी सराव संपला की बाकीच्या मुली घरी जायच्या आणि आम्ही दोघी मागे राहायचो. मी बॉल घेऊन दहा वेळा तिच्यावर चाल करायची, तिनं अडवायचं. दहांतून तीनदा मी पार व्हायची, फार तर चारदा. एकदा मी तिला विचारलं की तुला आधीच कसं कळतं गं? ती म्हणाली, "डोळे फसवते, हात फसवते. कंबर जिकडे जाईन तिकडेच माणूस जाते." हे ती घरामागच्या मोकळ्या जागेत भावांबरोबर कबड्डी खेळताना शिकली होती. मैदान सोडताना तिच्या चपलांचा एक बंद नेहमी तुटलेला असायचा आणि ती एक पाय घासत चालायची. आम्ही माझ्या घरापर्यंत बरोबर यायचो. मी फाटकातून आत जायची, ती तिथूनच वळायची. दोन वर्षांत मी तिला एकदाही आत ये म्हटलं नाही. माझ्या घरी कुणी तसं बजावलं नव्हतं. कुणाला बजावायची गरजच पडली नव्हती. ती स्टेशनकडच्या बुद्धविहारामागच्या वस्तीतली, आम्ही बागवाले. एवढं न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मला तर ते दिसतही नव्हतं.

आमचे खेळाचे सर भले होते. सामना झाला की दुसऱ्या दिवशी ते व्हरांड्यातल्या फळ्यावर खडूनं प्रत्येकीचे पॉइंट लिहायचे. वर माझं नाव, सर्वांत खाली तिचं. पुढे शून्य, कधी दोन. एकदा तिनं अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "सर, म्या अडवलेले पॉइंट कुठं लिहाचे?" सगळे हसले. सरही हसले आणि म्हणाले, जे झालंच नाही ते लिहायचं तरी कसं? मीही हसले. शेवटी तीही हसली. पण हसायला तिनं सर्वांच्या नंतर सुरुवात केली होती, हे मला आता आठवतं.

सरांचं काय चुकलं? बास्केट होते ती दिसते, तिचा आवाज होतो, तिला आकडा असतो. अडवणं म्हणजे काहीतरी घडू न देणं. आणि जे घडलं नाही त्याला टाळ्या कोण वाजवणार? माझी इतकी वर्षं मैदानावर गेली, शेकडो मुली हाताखालून गेल्या, आणि अजूनही दर वर्षी नव्या मुली आल्या की त्या पहिल्या दिवशी बॉल कडीत टाकायलाच धावतात. समोरचीला थांबवायला शिकवा असं म्हणत एकही आलेली नाही. आमच्या संघानं जिंकलेल्या सामन्यांतले निम्मे तरी तिनं जिंकले होते असं आज मी छातीवर हात ठेवून सांगेन. तेव्हा ते मला कळत नव्हतं असं मात्र म्हणता येत नाही. मलाच तर सर्वांत जास्त कळत होतं. रोज संध्याकाळी दहांतून सात वेळा मी ते माझ्या अंगानं शिकत होते.

बारावीच्या वर्षी आम्ही संभागाच्या, म्हणजे विभागाच्या, सामन्यांसाठी जबलपूरला गेलो. छिंदवाड्याहून बसचा लांबचा प्रवास. एका शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून मुक्काम. शेवटच्या सामन्यात समोर तिथलाच संघ होता आणि त्यांची एक मुलगी आमच्या सगळ्यांहून वीतभर उंच. आदल्या सामन्यात तिनं एकटीनं निम्म्याहून जास्त पॉइंट केले होते. सरांनी तिच्यावर आमच्या सौंसरवालीला लावलं. ती उंच मुलगी सुरुवातीला हसली. अर्ध्या सामन्यानंतर तिचं हसणं गेलं, आणि मग ती चिडली. एकदा बॉल घेऊन ती सरळ अंगावर चालून आली. आमचीनं पाय रोवले आणि जागची हलली नाही. दोघी सिमेंटवर आदळल्या. शिट्टी आमच्या बाजूनं वाजली, पण ती उठली तेव्हा तिच्या डाव्या गुडघ्यातून रक्त येत होतं. तिनं रुमाल बांधला आणि पुन्हा जाऊन उभी राहिली. शेवटच्या मिनिटापर्यंत त्या उंच मुलीला तिनं कडीजवळ फिरकू दिलं नाही. जिंकवणारी बास्केट मात्र माझ्या हातून झाली, डाव्या हातानं. मुलींनी मला खांद्यावर घेतलं. कुणीतरी फोटो काढला; तो पुढे वर्तमानपत्रात आला आणि बाबांनी चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावला. त्या फोटोच्या अगदी कडेला, अर्धी कापली गेलेली, एक मुलगी खाली बसून गुडघ्यावर ओलं फडकं दाबताना दिसते.

त्याच संध्याकाळी संभागाचा संघ निवडणारे एक वयस्क सर आमच्या मुक्कामी आले. आमचे सर परतीच्या बसची चौकशी करायला गेले होते, म्हणून संघाची कॅप्टन या नात्यानं त्यांनी मलाच बाहेर बोलावलं. माझं कौतुक केलं. उद्या सकाळी निवडीचा खेळ आहे, तुझं नाव जवळजवळ पक्कं धर, असं म्हणाले. मग म्हणाले की तुमची ती बुटकी मुलगी, जिनं आज आमच्या उंच पोरीला बांधून ठेवलं, तिलाही मी बोलावणार आहे. स्कोअरच्या कागदावर तिचं काही नाही, पण मी सामना पाहिलाय. उद्या तिला तुझ्यासमोर उभं करतो, दोघींचाही कस लागेल.

वाचकहो, तुम्ही कधी कुणाच्या कौतुकात एकदम थंड पडला आहात का? मी तशी पडले. मला आमच्या संध्याकाळी दिसल्या. त्या दहा चाली दिसल्या. उद्या सगळ्या निवडणाऱ्यांसमोर, इतक्या शाळांच्या मुलींसमोर, ती माझ्या कमरेकडे बघत उभी राहणार आणि मी जिथे जाईन तिथे आधीच पोहोचलेली असणार. मी विचार केला, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण विचार करायला वेळ लागतो, आणि माझ्या तोंडून शब्द लगेच निघाले. सरांशी हिंदीत बोलणं चाललं होतं. मी म्हणाले, "उसका घुटना बहुत दुख रहा है, सर. उससे नहीं होगा."

सरांनी मान हलवली आणि तरी एकदा तिलाच विचारतो म्हणून वर्गात गेले. मी बाहेरच्या भिंतीला हात लावून उभी राहिले. आत जायची हिंमत नव्हती, पळून जायचीही नव्हती. दोन मिनिटांत ते बाहेर आले, खिशातलं पेन काढलं, कागदावर एक रेघ मारली आणि मला उद्या वेळेवर ये म्हणून निघून गेले. त्यांनी आत काय विचारलं, तिनं काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. मी आत गेले तेव्हा ती सतरंजीवर पाय लांब करून बसली होती. माझ्याकडे तिनं एकवार बघितलं. मग म्हणाली, "उद्या पहिल्यांदा डाव्या हातानंच टाकजो. त्या लोकायले माहीत नाही तुहा डावा."

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर जी मुलगी उभी होती ती सगळा वेळ बॉलकडे बघत होती. मी मनासारखी खेळले. पायऱ्यांवर आमच्या मुली बसल्या होत्या, त्यात ती होती. टाळ्या वाजवत होती की नाही, ते बघायचं मी टाळलं. परत निघालो तेव्हा बसच्या मागची लोखंडी शिडी चढून टपावर सामान बांधायला कुणीतरी हवं होतं. ती चढली. दोन्ही हातांनी पेट्या ओढून घेत, तोच गुडघा टेकून, तिनं दोर आवळले. सर खालून ओरडले की अगं, तुझा गुडघा. ती वरून म्हणाली, "आता बरा आहे, सर." मी शेजारीच उभी होते. तिनं खाली माझ्याकडे पाहिलं नाही, आणि सौंसर येऊन ती आई-वडिलांकडे जायला उतरेपर्यंत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. इतर मुलींना वाटलं, थकल्या असतील.

त्यानंतर जे झालं ते सरळ रेषेत झालं. मी राज्याच्या सामन्यांत खेळले. त्या प्रमाणपत्रावर पुढचं शिक्षण, त्या शिक्षणावर नोकरी, नोकरीवर घर. तिचे वडील त्याच उन्हाळ्यात आजारी पडले आणि ती बोरगावच्या एका सूतगिरणीत लागली. दिवसभर उभ्यानं करायचं काम. तिचं लग्न लोधीखेड्याला झालं, तेव्हा मी गेले होते. मांडवात पाच मिनिटं थांबले, तिच्या हातात भेटवस्तूचा डबा दिला आणि गाडी सुटेल म्हणून निघाले. पुढे तिचं कुटुंब परत सौंसरला आलं, असं ऐकलं. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना बस सौंसरला थांबते. त्या थांब्यावर मी अठ्ठावीस वर्षं रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत आले. कधी पर्समध्ये काहीतरी शोधत बसायची. माणूस स्वतःपासून किती लहान लहान युक्त्यांनी तोंड चुकवतं, याचं मला त्या थांब्यानं शिक्षणच दिलं.

नळावर तोंड धुऊन आले त्या दिवसानंतर मात्र मला राहवेना. पुढच्या रविवारी मी सौंसरच्या बसमध्ये बसले. घर विचारत विचारत गेले. दुपारचं ऊन होतं. ती अंगणात पोत्यावर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. केस पुष्कळ पांढरे झालेले, खांदे तसेच रुंद. मला तिनं लगेच ओळखलं. अंगावरची सालपटं झटकत उठली, आतून खुर्ची आणली, पाणी दिलं. मी खुर्चीवर न बसता खाली पोत्याच्या कडेला बसले आणि सुपातल्या शेंगा उचलून सोलायला लागले, कारण हातांना काहीतरी हवं होतं. तिनं माझ्या मुलांची चौकशी केली. तिची मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते आहे हे सांगितलं. गिरणीतली वीस वर्षं, नवऱ्याचं दुकान, मावशी गेली ते, सगळं सांगून झालं. मग बोलणं संपलं आणि फक्त शेंगा फुटण्याचा आवाज राहिला.

मी सांगितलं. काहीच न सजवता सांगितलं: ते सर काय म्हणाले होते, मी काय म्हणाले, आणि का म्हणाले. सांगताना मी तिच्याकडे बघू शकले नाही. माझं बोलून झाल्यावरही तिचे हात चालूच होते. ती म्हणाली, "मले माहीत आहे."

त्या सरांनी तिला आत येऊन विचारलं होतं की तुझी कॅप्टन म्हणते तुला उभं राहवत नाही, खरं का? आणि तिनं हो म्हणून सांगितलं होतं.

मी विचारलं, का? माझ्यासाठी?

"तुह्यासाठी?" ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत म्हणाली. "नाही वं. म्या इचार केला, मी नाही म्हटलं तर आपल्या दोघीतली एक खोटी ठरन. बावीस पॉइंटवाली खोटी ठरन का मी?"

ती पुढे बोलत राहिली, आवाज न चढवता, जणू दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. राग आला होता, म्हणाली. फार दिवस राहिला. गिरणीत मशीनसमोर उभी असताना कधी कधी एकदम यायचा. मग मशीनच्या आवाजात विरून जायचा. नोकरी लागली असती की नसती, ते तिला माहीत नाही. त्याचा हिशेब तिनं लावला नाही. मुलीला शिकवायला लागली तेव्हा तर ते सगळं मागे पडलं. मग तिचे हात थांबले.

"सिलेक्शनचं सोड," ती म्हणाली. "मले त्या दिवशी तुह्यासमोर उभं राहाचं होतं. रोज संध्याकाळी तुले अडवलं, पाहाले कोणीच नव्हतं. एक डाव सगळ्यायसमोर अडवाचं होतं. मग तू जिंकली असती तरी चाललं असतं."

मी इतकी वर्षं समजत होते की मी तिची एक संधी घेतली, एक प्रमाणपत्र, एक सोपं आयुष्य. त्या अपराधाची मला सवय झाली होती; त्याच्याबरोबर कसं राहायचं ते मी शिकले होते. तिनं मात्र ज्याचं नाव घेतलं ते माझ्या हिशेबात कधी नव्हतंच. तिलाही खेळायचं होतं. माझ्यासारखंच, ज्या कारणासाठी मी खेळायची त्याच कारणासाठी: लोकांनी एकदा बोलणं थांबवून बघावं म्हणून. दोन वर्षं तिच्या इतक्या जवळ राहून मी तिच्यात ही भूक पाहिली नाही. बास्केट न करणाऱ्याला ती नसते असं धरून चालले. त्या सामन्याची आता कुठे नोंद नाही, कारण तो झाला नाही. आणि झाला नाही म्हणूनच तो संपतही नाही. बाकीचे सगळे सामने, जिंकलेले, हरलेले, केव्हाच पुसट झाले. बावीस पॉइंट कसे केले ते मला आठवत नाही.

मी माफी मागितली. तिनं ती दिली की नाही, हे मला सांगता येणार नाही. तिनं सोललेले दाणे निवडून घेतले, आत जाऊन चूल पेटवली आणि भाजी-भाकरी करून मला जेवायला वाढलं. तिखट फार होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तिनं दह्याची वाटी पुढे सरकवली. निघताना तिनं पुन्हा ये असं म्हटलं नाही. मीही येईन असं म्हटलं नाही. बसमध्ये बसल्यावर वाटलं की मी आले होते ती ओझं उतरवून ठेवायला, आणि ते तिच्या अंगणात ठेवून जायचा मला काय अधिकार होता? ते माझं मीच उचलून परत नेत होते, पूर्वीपेक्षा जड झालेलं. आणि ते बरोबरच होतं.

तरी मी पुन्हा गेले. आता महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी जाते. काही नेलं तर ती घेते, नाही नेलं तर विचारत नाही. आम्ही मुलांबद्दल बोलतो, गुडघ्यांबद्दल बोलतो. दोघींचेही आता दुखतात. जबलपूरचा विषय तिनं पुन्हा काढलेला नाही आणि मी काढत नाही. वय वाढलं की काही गोष्टी मिटतात असं लोक म्हणतात. मला तसा अनुभव नाही. त्या मिटत नाहीत, त्यांच्या शेजारी बसायला आपण शिकतो, एवढंच. कधी मी दारावर थाप देते, ती दार उघडते, आणि क्षणभर तिच्या चेहऱ्यावर राग नसतो, आनंदही नसतो. ती नुसती माझ्याकडे बघत चौकटीत उभी राहते. मी उंबऱ्याबाहेर थांबते. त्या क्षणी तिनं दार लावून घेतलं तरी मला काही म्हणता येणार नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक असतं. मग ती जराशी बाजूला सरकते, आणि मी आत जाते.